चेकअप झालं, पण लिफाफा उघडलाच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाची तुमची पुरवणी पूर्ण वाचली. माहिती चांगली होती, काय खावं, किती चालावं, मीठ किती घ्यावं सगळं होतं. पण वाचताना सारखं वाटत होतं की हे तर आमच्या ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ आहे. कुणालाही विचारा, तेलकट कमी खा, चाला, सिगरेट सोडा, टेन्शन घेऊ नका, धडाधड सांगतील. तरी करत कुणीच नाही. का करत नाही यावर कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं झालंय, समजून घ्या.

मी ठाण्यात एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे, १९ वर्षं झाली. सकाळी साडेनऊला खुर्चीत बसायचं ते संध्याकाळी सात, क्लोजिंगला, म्हणजे हिशेब बंद करायच्या दिवसांत, नऊ सुद्धा वाजतात, मधे उठणं म्हणजे वॉशरूम आणि डबा. पाणी टेबलावर येतं, चहा टेबलावर येतो, फाईल टेबलावर येते.

गेल्या मार्चची गोष्ट. इयर एंडिंगची गडबड चालू होती. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सर, वय ४७, बारीक अंगाचे, दारू नाही सिगरेट नाही, गुरुवारचा कडक उपास. चारच्या सुमारास म्हणाले छातीत जड वाटतंय, सकाळचा वडा बाधला वाटतं. ड्रॉवरमधून ॲसिडिटीचं गुलाबी औषध काढलं, झाकणभर प्यायले आणि परत बँक रिकन्सिलिएशनला लागले. एसी चालू असून शर्ट पाठीला चिकटलेला, मधेमधे डाव्या जबड्यावरून हात फिरवत होते, मी विचारलं दात दुखतोय का, तर म्हणाले हो बहुतेक. आम्ही चारपाच जणं आजूबाजूला बसलेलो, सगळे शिकलेले, आणि सगळे ॲसिडिटीच असेल म्हणत होतो, मी पण. पावणेसातला आमचे चहावाले काका कप उचलायला आले, त्यांनी सरांचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "मॅडम, हे बरोबर दिसत नाही, आधी दवाखान्यात चला." तेव्हा कुठे आम्ही उठलो. त्यातही १०८ ला फोन करायचं कुणाला सुचलं नाही, रिक्षातून नेलं. दोन स्टेंट पडले, म्हणजे बंद झालेली नळी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळ्या. सर वाचले, पण जवळपास तीन तास गेल्यामुळे हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झालाय असं डॉक्टर म्हणाले. ते तीन तास माझ्या डोळ्यासमोर गेलेत, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून जातच नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, डॉक्टर जुने रिपोर्ट मागतायत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतील तर बघा. बघितलं तर जुन्या चेकबुकांच्या आणि होम लोनच्या कागदांच्या खाली कंपनीच्या चेकअप कॅम्पचे तीन वर्षांचे तीन लिफाफे. दोन उघडलेले. तिसऱ्याची पिन सुद्धा निघालेली नव्हती. ती मी काढली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८, ठळक अक्षरात, पुढे स्टार, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. बीपी १५०/९६. खाली निळ्या पेनाने कुणीतरी लिहिलेलं, फिजिशियनला दाखवावे. तारीख ऑगस्टची. म्हणजे सात महिने तो कागद त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

त्या रात्री घरी जाऊन मी माझा रिपोर्ट शोधला. फ्रिजवर सापडला, गॅसच्या पावत्यांबरोबर, दोन वर्षांपूर्वीचा. त्यातही शुगरपुढे स्टार होता.

मला जे सांगायचंय ते हेच. आपल्याकडे चेकअप करणं म्हणजेच काळजी घेणं असं झालंय. कॅम्प लागतो, उपाशीपोटी रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं, ईसीजीच्या पट्ट्या लावून घ्यायच्या, मग पोहे आणि चहा, आणि वर्षभराची जबाबदारी संपली. रिपोर्टमध्ये स्टार असले तर लिफाफा आत, आणि नसले तर अजूनच वाईट, कारण मग माणूस "माझा ईसीजी क्लिअर आहे" म्हणून वर्षभर निर्धास्त. पण झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या नळ्या साफ आहेत असं नसतं, स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती तपासणी, पास झालेल्या माणसाला सुद्धा ॲटॅक येऊ शकतो, कारण अर्धीसुद्धा न भरलेली नळी त्या टेस्टमध्ये सहसा कळत नाही आणि तिथलाच चरबीचा साठा फुटून गुठळी झाली की सगळं बंद होतं. हे सगळं मला सरांच्या डॉक्टरांनी कागदावर नळी काढून समजावलं, १९ वर्षांत एकाही कॅम्पमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग आमची ठरलेली वाक्यं. आमच्या घरात कुणाला नाही. मी तर व्हेज आहे. मी बारीक आहे. बायकांना कुठे होतं. जिम करणाऱ्यांनाच येतो हल्ली. ज्याची वेळ आली त्याला कोण अडवणार. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण सलीम युसूफ या हृदयरोगतज्ज्ञांच्या टीमने ५२ देशांत केलेला मोठा अभ्यास २००४ मध्ये छापून आला, त्यात दिसलं की पहिल्या हार्ट ॲटॅकचा साधारण ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आहे, आणि तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, ताण, व्यायाम नसणं या सगळ्या त्यातल्याच. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना ॲटॅक इतरांपेक्षा लवकरच्या वयात येतो हेही त्याच अभ्यासात आहे. मग वेळ आली म्हणजे काय? लिफाफा उघडायची वेळ पण आलेलीच असते की.

गोळीची भीती तर विचारूच नका. सरांना मी नंतर विचारलं, आधीच्या वर्षी पण बीपी वाढलेलं होतं मग गोळी का नाही घेतली, तर म्हणाले एकदा सुरू झाली की आयुष्यभर घ्यावी लागते ना. माझ्या डिपार्टमेंटला निम्मे लोक हेच म्हणतात. चष्मा आयुष्यभर लावतो, डायचं पाकीट दर महिन्याला आणतो, पण बीपीची एक छोटी गोळी घेतली की आपण पेशंट झालो, म्हातारे झालो, प्रमोशनच्या वेळी साहेबांना कळलं तर काय, असं वाटतं. ही लाज कुठून आली कळत नाही पण ती आहे, आणि माझ्या मते तेलकट खाण्याइतकीच तीही घातक आहे.

आता आमच्या चहावाल्या काकांचं सांगते. वय ५८, आमच्यात सगळ्यात मोठे. दिवसभर दोन मजले वरखाली, हातात ट्रे. या प्रकारानंतर आम्ही वर्गणी काढून बीपी मशीन घेतलं, माझ्याच टेबलावर असतं, त्यात सगळ्यात चांगलं रीडिंग काकांचं आलं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास छापला होता, तो वाचला तेव्हा मला काकाच आठवले. बस तीच, डेपो तोच, पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिन्यावरून शेकडो पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी. पोस्टात पण तसंच, टेबलावरच्या कारकुनांपेक्षा पोस्टमनना कमी. लहानपणी बेस्टच्या डबलडेकरमध्ये तिकीट तिकीट करत वर येणारा कंडक्टर मी रोज बघायचे, त्याचं ते वरखाली करणं त्याचं हृदय सांभाळतंय असं कधी मनात आलं नाही.

आमच्याकडे सगळे ड्रायव्हरच झालेत, आणि रविवारी एक ट्रेक मारला की झालं असं समजतात. २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून दाखवलंय की दिवसाला आठ तास बसणाऱ्याला त्या बसण्याचा वाढीव धोका भरून काढायला रोज साधारण ६० ते ७५ मिनिटं जरा भरभर चालण्याइतकी हालचाल लागते. रोज. ठाण्याहून लोकलचे धक्के खाऊन येणाऱ्या, घरी जाऊन कुकर लावणाऱ्या बाईने हा सव्वा तास आणायचा कुठून? म्हणून मला वाटतं की फक्त माणसाला दोष देऊन चालणार नाही, हा वेळ ऑफिसच्या तासांतूनच निघायला हवा. उभं राहून मीटिंग घ्यायला काय लागतं? प्रिंटर दुसऱ्या टोकाला ठेवायला काय खर्च आहे? आमच्याकडे कुणी दहा मिनिटं जागेवर नसला की साहेब विचारतात कुठे गेला होता, आणि रात्री नऊपर्यंत हलला नाही की त्याचं मीटिंगमध्ये कौतुक.

कंपन्यांना एवढंच सांगणं आहे की कॅम्पला किती लोक आले याचा आकडा मिरवू नका, ज्यांच्या रिपोर्टला स्टार आहेत ते तीन महिन्यांनी डॉक्टरकडे गेले का हे विचारा, आणि तो रिपोर्ट साहेबाच्या नाही तर डॉक्टरच्याच हातात राहील याची खात्री द्या, मग लोक लपवणार नाहीत. आणि तुम्हाला विनंती, पुढच्या पुरवणीत रिपोर्ट वाचायचा कसा यावर एक पूर्ण पान द्या, आणि बायकांचं वेगळं लिहा, कारण छातीत कळ न येता नुसता दम लागणं, पाठ किंवा जबडा दुखणं, विचित्र थकवा असाही ॲटॅक येतो आणि आम्ही तो कामाच्या दगदगीवर ढकलतो.

आता आम्ही सातजण जेवणानंतर बिल्डिंगला तीन फेऱ्या मारतो, पाण्याच्या बाटल्या स्वतः भरायला जातो. सर जूनपासून अर्धा दिवस येतायत, ते एकच फेरी मारतात, हळूहळू, काका त्यांच्याबरोबर असतात. या वर्षीचे लिफाफे आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते जागेवरच उघडले. नऊ जणांच्या रिपोर्टला स्टार होते. सहाजण डॉक्टरकडे जाऊन आले, तिघं अजून क्लोजिंग झालं की जातो म्हणतायत, त्यांच्या मागे मी लागलेय.

आपली एक वाचक,
ठाणे