'जाडी म्हणजे कुठली जाडी?'

प्रिय ताई,

हे आभार खरं तर तेव्हाच मानायला हवे होते. पण तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते.

हातात धरायच्या त्या यंत्राचा पहिला नमुना आला आणि बॅटरी आत बसेना, आठवतंय? कागदोपत्री सगळीकडे 'जाडी 18 मिमी'. मी ती बाहेरून धरलेली, सर्किटवाल्यांनी आतली मोकळी जागा म्हणून. दोन्ही बाजूंच्या 2-2 मिमी भिंती गेल्यावर आत उरले 14. तीन महिने दर बैठकीत आम्ही याच आकड्यावर माना डोलावल्या होत्या!

आता चूक कोणाची ते निघणार, म्हणून मी ईमेल शोधून ठेवले होते. तुम्ही मात्र नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या मंगळावर पाठवलेल्या यानाचा किस्सा सांगितलात. 1999 मध्ये ते यान गमावलं, कारण एका चमूचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि दुसरा चमू ते न्यूटन-सेकंद या वेगळ्याच एककातले धरून चालला होता. मग कोरे कागद वाटलेत. "बोलू नका. यंत्र मधोमध कापलं तर आत काय दिसेल ते काढा." मला वाटलं, हा काय चित्रकलेचा तास! पाच जणांनी पाच वेगळी यंत्रं काढली. माझ्यात तर वायरच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुठ्ठ्याचा डबा आणलात, आत बॅटरीच्या मापाचा थर्माकोल. भांडणं थांबली नाहीत, उलट वाढली. पण आता बोट ठेवायला जागा होती. त्याच डब्यात मला पकड दिसायची, सर्किटवाल्यांना उष्णता, मोल्डवाल्यांना सांधा. सुसान ली स्टार आणि जेम्स ग्रिसेमर या अभ्यासकांनी 1989 मध्येच हे मांडलं होतं, असं मी पुढे वाचलं: जो तो आपापल्या परीने वाचेल अशी सामाईक वस्तू मध्ये असली, की एकमत नसतानाही काम पुढे सरकतं. तोवर मी सगळ्यांना माझं म्हणणं पटवण्यातच आठवडे घालवत असे.

आणि ती वही! 'फायनल' शब्द उच्चारला की तुमचं ठरलेलं, "कोणासाठी फायनल?" मग अर्थ वहीत उतरवायचा, खाली सगळ्यांच्या सह्या.

वही आता माझ्याकडे असते. परवा एक नवा मुलगा म्हणाला, "जवळपास झालंय." मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला.

तोही चिडलाय.

तुमची,
बिनवायरचं यंत्र काढणारी