चिनी मेनूकार्ड आणि आईची माळ

चेंगदू, रविवार रात्र

प्रिय विन्या,

'चिनी अक्षरं कशाला गिरवत बसतोस?' या तुझ्या मेसेजला फोनवर दोन ओळींत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. पुढच्या महिन्यात आई तीन आठवडे इथे येतेय. बाबा गेल्यावर तिने माळ घातली, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून मांस-मच्छी बंद, आणि चातुर्मासात कांदा-लसूणही. येतेय ती ऐन श्रावणात. म्हणून गेले चार महिने मी रोज जेवणानंतर वही घेऊन बसतो आणि इथल्या मेनूतली अक्षरं गिरवतो.

याला कारण झाली वांग्याची भाजी. हिवाळ्यात ऑफिसजवळच्या एका खानावळीत मी 'यू-श्यांग छ्येझ' मागवलं. नावाचा अर्थ 'माशाच्या स्वादाची वांगी', पण त्यात मासा नसतो. लोणच्यातली मिरची, आलं, लसूण असा मासळीला घालतात तो मसाला वांग्याला घालतात, एवढंच. हे माहीत होतं, म्हणून निर्धास्त होतो. दुसऱ्या घासाला डुकराचा खिमा दाताखाली आला. मी पडलो मासेखाऊ, माझं निभावलं असतं. पण समोर आई बसली असती तर, या विचाराने मला पुढे जेवण गेलं नाही.

मग सुरुवात केली. अक्षरं हजारो आहेत, पण मेनूपुरतं शिकायचं तर तुकडे ओळखायचे. अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा दिसल्या की ते गवत. भाजी, वांगं, लसूण, सगळ्यांच्या डोक्यावर हे गवत असतं. डाव्या अंगाला उभट चौकट आणि आत दोन रेघा असतील तर जपायचं. दिसायला ते चंद्राचं अक्षर, पण खाण्याच्या यादीत ते बहुतेक वेळा मांस असतं. काळीज, आतडी, मांडी या सगळ्यांत ते आहे. आणि नुसतं 'रोउ', म्हणजे मांस, लिहिलं असेल तर इथे बहुधा डुकराचंच समजायचं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. इथे जेवणाचे दोन भाग करतात: 'हुन' म्हणजे सामिष आणि 'सू' म्हणजे शाकाहारी. 'सू'च्या खालच्या अर्ध्या भागात रेशमाचा धागा आहे, कारण मूळ अर्थ न रंगवलेलं, कोरं रेशीम. आणि 'हुन'च्या डोक्यावर चक्क गवत! मांसाहाराच्या अक्षरावर गवत कशाला, याचा मी दोन दिवस विचार करत होतो. इसवी सन 100 च्या सुमाराच्या चिनी कोशात त्याचा अर्थ दिलाय, उग्र वासाची भाजी. म्हणजे कांदा-लसणाच्या जातीचं. इथले बौद्ध भिक्षू मांसाबरोबर तेही वर्ज्य मानतात. विन्या, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्या स्वयंपाकघरात आई जे पाळते, ते इथे दोन हजार वर्षांच्या एका अक्षरात बसलंय.

अर्थात अक्षर वाचता आलं म्हणजे काम झालं असं नाही. त्या वांग्याच्या नावात मांस कुठेच नव्हतं. साध्या खानावळीत 'सू'खालची भाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. म्हणून मी एक चिठ्ठी तयार केलीय: मांस नको, चरबी नको, मांसाचं पाणी नको, कांदा नको, लसूण नको. माझ्या हाताने लिहिलेली. परवा नूडल्सवाल्या मावशींना दाखवली. त्यांनी ती अगदी नीट वाचली, एका अक्षरात राहिलेली रेघ स्वतःच्या पेनाने जोडली आणि माझ्यासाठी वेगळी कढई धुऊन घेतली.

आणि हो, इथली जीभ बधिर करणारी 'ह्वाज्याओ' म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी बहीण, एकाच कुळातली. आईला वासावरूनच कळेल.

पहिल्या दिवशी तिला वनशू मठात नेणार आहे. वनशू म्हणजे आपला मंजुश्री, बौद्धांचा ज्ञानाचा बोधिसत्त्व. आवारातच शाकाहारी भोजनालय आहे. तिथे मेनू तिच्यापुढे ठेवून 'सू' दाखवीन, मग कागदावर 'हुन' काढून त्याच्या डोक्यावरचं गवत दाखवीन. तू तिला भेटशील तेव्हा हे आधी सांगू नकोस. मला तिचा चेहरा बघायचाय.

तुझाच,
सुध्या