संसदेला कुलूप आणि अध्यक्षपदाची मुदत

संपादक महोदय,

विधानसभा अध्यक्षपदाची चर्चा आपल्याकडे २०२२ पासून आमदारांच्या अपात्रतेभोवतीच फिरते आहे. अध्यक्षाने सभागृहाचे दारच उघडले नाही तर काय, हे सहसा कुणी विचारत नाही. पॅसिफिकमधल्या सामोआत ते घडले आहे.

तिथली संसद ५१ जागांची. उमेदवार 'मताई', म्हणजे कुळाचा मान्य प्रमुख, असावाच लागतो. ९ एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष आणि नवा 'फास्ट' पक्ष २५-२५ वर अडकले आणि एकमेव अपक्ष 'फास्ट'कडे गेला. महिलांच्या १० टक्के किमान प्रतिनिधित्वाच्या तरतुदीवर बोट ठेवून सत्ताधारी पक्षाला दिलेली जादा जागा न्यायालयाने १७ मे रोजी रद्द केली. निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरली पाहिजे, असे तिथली घटना सांगते आणि ही मुदत २४ मे रोजी संपत होती. राष्ट्रप्रमुखांनी २४ मेची बैठक बोलावली आणि २२ मेला स्थगित केली. न्यायालयाने रविवारी बसून ती स्थगिती उठवली. तरीही सोमवारी मावळते अध्यक्ष लेआउपेपे तोलेआफोआ फाआफिसी यांच्या आदेशाने संसद भवन कुलूपबंदच राहिले. 'फास्ट'च्या सदस्यांनी आवारात तंबू ठोकून शपथ घेतली. ती वैध असल्याचा निकाल अपील न्यायालयाने २३ जुलैला, 'आवश्यकते'च्या तत्त्वावर, म्हणजे दुसरा मार्गच उरला नव्हता या आधारावर, दिला. दोन महिने देशात दोन सरकारांचा दावा होता. न्यायालयाला ठाम उभे राहता आले, कारण घटनेत ४५ हा आकडा स्पष्ट होता.

गंमत म्हणजे 'फास्ट'चे संस्थापक ला'आउली लेउआतेआ पोलाताइवाओ श्मिट हेही माजी अध्यक्षच. २०११ ते २०१६ ते त्या खुर्चीत होते, मग कृषिमंत्री झाले आणि २०२० मध्ये जुना पक्ष सोडला. २०२१ मध्ये पंतप्रधानपद फिआमे नाओमी मताआफा यांच्याकडे गेले आणि ला'आउली पुन्हा कृषिमंत्री झाले. जानेवारी २०२५ मध्ये दोघांचे फाटले, मेमध्ये अर्थसंकल्प सभागृहात पडला आणि ऑगस्टची निवडणूक जिंकून ला'आउली पंतप्रधान झाले. अध्यक्षाची खुर्ची ही पुढची पायरी समजण्यात सामोआ एकटा नाही. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये विधानसभेचे अध्यक्षपद सोडले आणि ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

त्यानंतर आपल्याकडे ही जागा ३ जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारे १७ महिने, रिकामी होती. डिसेंबर २०२१ मध्ये गुप्त मतदानाऐवजी खुले मतदान आणणारा नियमबदल झाला, पण राज्यपालांनी निवडणुकीची तारीख दिली नाही. सरकार बदलताच काही दिवसांत तारीख मिळाली आणि राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. मधल्या काळात उपाध्यक्षांनी काम रेटले, हे खरे. पण अध्यक्ष निवडण्याविषयीच्या, आपल्या राज्यघटनेच्या कलम १७८ मध्ये दिवसांची मुदतच नसल्याने न्यायालयात बोट ठेवायला जागा नव्हती.

नव्या सभागृहाची सुरुवात मात्र आपल्याकडे अधिक सुरक्षित आहे. मावळत्या अध्यक्षाचे पद पहिल्या बैठकीच्या लगेच आधी संपते आणि राज्यपाल कलम १८० खाली हंगामी अध्यक्ष नेमतात. वडाळ्याचे आमदार कालिदास कोळंबकर यांनी २०१९ आणि २०२४ मध्ये सदस्यांना शपथ दिली ती याच व्यवस्थेत. किल्ली मावळत्या अध्यक्षाकडे राहत नाही. सामोआत नेमकी हीच कडी निसटली होती.

पळवाट उरते ती मधल्या काळात पद रिकामे झाले तर. राज्यपालांनी तारीख ठरवायची, ही तरतूद विधानसभेच्या स्वतःच्या नियमांत, नियम ६ मध्ये आहे आणि कलम २०८ खाली सभागृह ते नियम बदलू शकते. पद रिक्त झाल्यापासून ४५ दिवसांत निवडणूक व्हावी. तोवर तारीख आली नाही, तर अधिवेशन चालू असल्यास ४६व्या दिवशी, नसल्यास पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी उपाध्यक्षांनी हा विषय कामकाजपत्रिकेत घ्यावा. इतकी दुरुस्ती येत्या अधिवेशनात करता येण्याजोगी आहे.

– एक वाचक, दादर, मुंबई