डोकं दुखलं तर सांग

वेळणेश्वर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "सोमवारी पिंडारीला निघतेय" म्हणालीस आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहिते.

कौतुक आहेच गं. आपल्या वाडीतून हिमालयात गेलेले केदारनाथपर्यंतच, तेही घोड्यावर बसून. तू पिंडारी हिमनदीपर्यंत पायी जाणार, हे मी काल देवळात दोघींना सांगितलंसुद्धा.

पण मनू, डोकं दुखलं तर सांग. खाती गावाच्या पुढे फोन लागणार नाही म्हणालीस. द्वालीहून फुरकियाला चढलात की तीन हजार मीटरच्या वर मुक्काम. तिथे हवा विरळ. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, अन्न नकोसं झालं तर पुढे चढायचं नाही. नाहीच थांबलं तर सरळ खाली उतरायचं. गोळी घेऊन दामटायचं नाही. तुला हे सगळं ठाऊक असणार. पण तू सांगत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

पाचवीत होतीस. शिंगाळा माशाचा काटा पायात गेला आणि दोन दिवस "चप्पल चावली" म्हणत लंगडत शाळेत गेलीस. घोटा सुजून टरटरला तेव्हा कुठे काकूच्या लक्षात आलं. डॉक्टर पू काढत होते, तू माझा पदर मुठीत धरून दात आवळून बसलीस. हूं नाही की चूं नाही. सगळे म्हणाले, पोर धीट आहे. मला मात्र तेव्हापासून तुझ्या गप्प बसण्याची धास्ती वाटते.

बाबांचा निरोप: नाले सकाळीच ओलांडा. आपल्या खाडीला तिथीवर भरती, तिथल्या पाण्याला उन्हावर. दिवसभर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर ओढा फुगतो. वाट संपते त्या झिरो पॉइंटला फोटोसाठी कड्याच्या टोकाशी जाऊ नकोस, माती ढासळते. वाटाड्या थांब म्हणाला की थांबायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही.

झालं, पुन्हा उपदेश सुरू. रागावू नकोस. अजयकडे फणसपोळी आणि आमसुलं दिली आहेत. जेवण गेलं नाही तर आमसुलाचं गरम सार घे.

आणि तुझ्याबरोबरच्या त्या नागपूरच्या मुलीचा नंबर पाठव. तू "बरी आहे" म्हणालीस तरी तिने तुझ्या तोंडाकडे नीट बघावं, एवढंच मला तिला सांगायचं आहे.

तुझी,
आई