आई-बाबा, माझ्या ताटाची काळजी करू नका

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "मटण-चिकन सोडलंस, मग अंगात ताकद कुठून येणार?" तुझा आवाज इतका काळजीचा होता की रात्री झोप लागेना. म्हणून नीट लिहितेय.

मी मांस सोडलं, मासे नाही. याला पेस्कटेरियन आहार म्हणतात. माझं रोजचं पोट भरतं ते डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे आणि अख्ख्या धान्यांवर. मासे आठवड्यातून दोनदाच, एका वेळी शिजवलेले साधारण 85 ग्रॅम. तेवढे मात्र मी चुकवत नाही. बी12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, माशांतून मिळतं. जवस आणि अक्रोडात ओमेगा-3 नावाचं उपयोगी स्निग्धाम्ल असतं खरं, पण ज्या रूपात ते मेंदूला लागतं, त्या रूपात शरीर त्यातलं फारच थोडं बदलू शकतं. माशांत ते तयारच असतं.

बाबा, माशांतून विषारी पारा पोटात जाईल ही तुमची शंका अगदी रास्त आहे. लहान माशाला मोठा मासा खातो, त्याला आणखी मोठा, आणि पारा प्रत्येक पायरीवर साठत जातो. म्हणून शार्क, स्वोर्डफिश असे मोठे शिकारी मासे मी घरात आणत नाही. सार्डिनसारखे छोटे आणते.

काल सार्डिनचा डबा उघडला. मधला काटा सवयीने काढायला गेले, तर चिमटीतच त्याचा चुरा झाला, ओल्या खडूसारखा. आई, तो फेकायचा नाही, खायचा! कॅल्शियम त्यातच असतं. तुझी हाडं तपासल्यापासून मला हेच सांगायचं होतं. फक्त डब्यातल्या माशांत मीठ बरंच असतं, तुझ्या बीपीसाठी आधी पाण्याने धुऊन घे.

2015 मध्ये अमेरिकेत सत्याहत्तर हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शाकाहाराला माशांची जोड देणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग मांसाहारींपेक्षा 43 टक्के कमी आढळला. हे केवळ माशांमुळे झालं असं त्यावरून म्हणता येत नाही, पण माझा धीर वाढला.

तुम्ही मांस सोडा असं मी म्हणत नाही. या वयात स्नायू झपाट्याने झिजतात, प्रथिनं कमी पडता कामा नयेत. आठवड्यातली दोन जेवणं माशांची करून बघा, एवढंच. आणि बाबा, माशाच्या तेलाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. तुम्ही रक्त पातळ ठेवायचं औषध घेता, आधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या महिन्यात येतेय. चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे. आई, तू नुसती शेजारी बसून राहा.

तुमची,
मनू