दोष अर्थिंगचा, बिल बॅटरीचे आणि सेल्फचे

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: गाडी नुसता कट-कट आवाज करते, सेल्फ घेत नाही, या तक्रारीवर मोजमाप न करता बॅटरी व सेल्फ बदलल्याबाबत.

महोदय,

आपल्या रत्नागिरीतील अधिकृत वर्कशॉपने माझ्या पेट्रोल गाडीची बॅटरी (₹५,४००) आणि नऊ दिवसांनी अख्खा सेल्फ (स्टार्टर मोटर, ₹८,९५०) बदलला. मजुरी ₹१,२००, एकूण ₹१५,५५०. पंधरवड्यात तोच आवाज पुन्हा सुरू झाला. प्रत्यक्षात दोष होता बॅटरीच्या निगेटिव्हवरून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या जाड अर्थिंग केबलच्या लगमध्ये (केबलच्या टोकाची, बोल्टने आवळायची धातूची कडी). लगचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली असल्याने वरून दिसत नाही. तांब्याचा लग, ॲल्युमिनियमची बॉडी आणि समुद्राची खारी हवा असे त्रिकूट जमले की सांध्यावर पांढरी भुकटी धरतेच. कोकणातल्या वर्कशॉपला हे मी सांगावे लागू नये.

आवाजापासूनच सुरुवात करतो, कारण निदान तिथेच चुकले. किल्ली फिरवल्यावर एकच जड 'टक' येऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट, सेल्फचे कार्बन ब्रश किंवा जाम झालेले इंजिन यांच्यावर संशय जातो. माझ्या गाडीत सलग कट-कट-कट होत होते. सोलेनॉइडचा प्लंजर (आतला सरकता दांडा) आत ओढला जातो, मुख्य कॉन्टॅक्ट जुळतो आणि मोटर एकदम जोरात करंट मागते. वाटेत कुठे अडथळा असेल तर सेल्फपाशी व्होल्टेज कोसळते, धरून ठेवणाऱ्या कॉइलला तेवढा जोर उरत नाही, स्प्रिंग प्लंजर मागे ढकलते. मोटर सुटली की व्होल्टेज परत चढते आणि प्लंजर पुन्हा आत जातो. हेच चक्र म्हणजे तो आवाज.

उतरलेल्या बॅटरीनेही नेमके असेच होते, हे मान्य. पण दोन्हींतला फरक मीटरशिवायही कळतो. बॅटरी बसली असेल तर किल्ली फिरवताच हेडलाइट मिणमिणतात. या गाडीत ते जवळजवळ तसेच राहत होते, कारण दिव्यांची अर्थिंग चेसिसवर वेगळ्या वायरने जाते. हे मी जॉब कार्डवर लिहून दिले होते. त्यावर सर्व्हिस ॲडव्हायझरांचे उत्तर होते, "आवाज बॅटरीचाच आहे."

मग मीच मीटर लावला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. किल्ली फिरवलेली असताना बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर १२.१ व्होल्ट कायम. बॅटरी थकलेली असती तर आकडा ९.६ च्या खाली गेला असता. नंतर मीटरची एक टोच निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर. आकडा उड्या मारतो म्हणून मीटर कमाल मोडवर ठेवला. घसरणीची, म्हणजे वाटेत वाया जाणाऱ्या व्होल्टेजची, नोंद ६ व्होल्टच्या वर. तिथे साधारण ०.२ च्या आत अपेक्षित, ०.५ म्हणजे नक्की बिघाड. शेवटची खात्री जंपर केबलने केली. एक टोक निगेटिव्ह खुंटीला, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडी ब्रॅकेटला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू!

दोन्ही वेळा बदलल्यावर गाडी काही दिवस चालली, याचे श्रेय नव्या भागांना नाही. बॅटरी काढताना केबल हलली, सेल्फ उतरवताना त्याच्या शेजारचा बोल्ट हलला, भुकटी थोडी सरकली आणि सांधा तात्पुरता जुळला. दुरुस्ती करताना आधी निगेटिव्ह काढून लग आणि गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट घट्ट आवळला, वरून व्हॅसलिन लावले. पंधरा मिनिटांचे काम. आता घसरण ०.१ व्होल्ट आहे.

अर्थिंग तुटली की सेल्फचा परतीचा करंट मिळेल ती वाट शोधतो, अनेकदा क्लचच्या वायरमधून. त्या तापतात, आवरण वितळते. म्हणजे प्रश्न पैशांपुरता नाही.

माझ्या मागण्या अशा:

सेल्फचे पैसे व पूर्ण मजुरी परत करावी. बॅटरीचे पैसेही परत द्यावेत. जुनी बॅटरी विश्रांतीत १२.५ व्होल्ट दाखवत असल्याची नोंद तुमच्याच जॉब कार्डवर आहे. निव्वळ १२.५ वरून बॅटरी चांगली ठरत नाही हे मला ठाऊक आहे, लोड टेस्ट (भार टाकून केलेली तपासणी) लागते. पण ती केल्याचा कागद कुठे आहे? काढलेली बॅटरी आणि सेल्फ मला दाखवले नाहीत, दिलेही नाहीत. ते कुठे गेले, लेखी कळवावे.

सेल्फ न घेणाऱ्या प्रत्येक गाडीच्या जॉब कार्डवर चार आकडे भरणे सक्तीचे करावे: विश्रांतीतले व्होल्टेज, सेल्फ मारताना खुंट्यांवरचे, पॉझिटिव्ह बाजूची घसरण, निगेटिव्ह बाजूची घसरण. हे भरल्याशिवाय भाग बदलण्याची परवानगी ग्राहकाकडे मागू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपला ग्राहक

सोबत: दोन्ही बिलांच्या प्रती, जॉब कार्ड, मीटरच्या आकड्यांचे फोटो, साफ करण्यापूर्वीच्या लगचा फोटो.