टपावरच्या तंबूला ऑनिंग लावून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव-गाव काहीच माहीत नाही, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. गाडीच्या टपावर तंबू आहे आणि आता त्याला ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडायचं सावलीचं कापडी छप्पर, जोडायचं आहे, अशा कुणालाही तुम्ही सांगितलेलं उपयोगी पडेल, आणि ते तुमच्या खात्यावर जमा व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आईचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. ती खाली सीट आडव्या करून गाडीतच झोपते, मी वर तंबूत. दिवसा तिला बसायला सावली हवी आणि दार उघडल्याबरोबर पावसात पाय पडू नये, एवढ्यासाठी ऑनिंग घेतलं होतं. ब्रॅकेट, बोल्ट, ड्रिल सगळं मांडून मी सुरुवात करणार, तेवढ्यात तुम्ही शेजारच्या गाडीपासून चालत आलात आणि विचारलंत, “गाडीचं पुस्तक आहे का जवळ?”

त्या पुस्तकात टपावर किती वजन चालतं तो आकडा असतो. बऱ्याच गाड्यांचा तो ५० ते १०० किलोच्या दरम्यान असतो, आणि तो चालत्या गाडीचा असतो. तंबू, क्रॉसबार (ज्यांवर तंबू बसतो ते टपावरचे आडवे दांडे), ब्रॅकेट, ऑनिंग सगळं त्यातच बसवायचं. क्रॉसबारवर लिहिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती कमी मर्यादा धरायची. तंबू एकटाच ५० ते ८० किलोचा असतो, म्हणजे उरतं फार थोडं. मग उभ्या गाडीवर दोन माणसं झोपतात ती कशी, असं मी विचारलं. उभी गाडी नुसता भार तोलते, पण वळण, खड्डा आणि ब्रेक आला की तोच भार टपाला हिसके देतो, हे तुम्ही इतक्या शांतपणे समजावलंत की आईनंही मान डोलावली. आमचं ऑनिंग साधं, सरळ बाहेर ओढायचं, बारा किलोच्या आतलं. ते बसलं. पंख्यासारखं उघडणारं २७० अंशांचं बहुतेक वीस किलोच्या पुढे जातं, आणि त्याचे सगळे हात एकाच कोपऱ्यातल्या बिजागरीवर तोललेले असतात. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी एक ब्रॅकेट त्या बिजागरीला खेटूनच लावावा, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत.

आता मुख्य गोष्ट. तंबूच्या तळाला बाजूनं अॅल्युमिनियमची चॅनेल, म्हणजे खाच असलेली पातळ पट्टी, आहे. ऑनिंग तिथेच अडकवावं असं बघताक्षणी वाटतं. तंबूची वस्तू तंबूलाच. तुम्ही ती चॅनेल दोन बोटांत धरून तिची जाडी दाखवलीत आणि म्हणालात, “वजनाचं सोड, वाऱ्याचा हिशोब कर.” मग मातीत काडीनं तो हिशोब मांडलात. अडीच मीटर लांब, दोन मीटर बाहेर आलेलं कापड म्हणजे ५ चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून अडला तर दर चौरस मीटरला साधारण ६ किलोचा दाब येतो, म्हणजे सगळ्या कापडावर ३० किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तो वारा खालून शिरला तर कापड वर उचलतो, आणि दोन मीटर लांबीच्या तरफेनं ब्रॅकेट पिळून काढतो. पातळ पत्र्यात पाडलेलं भोक अशा प्रत्येक झटक्याला थोडं थोडं रुंदावत जातं. तंबू बनवणाऱ्यानंच ती चॅनेल ऑनिंगसाठी दिली असेल आणि किती भार चालेल ते लिहिलं असेल, तर खुशाल वापरावी. आमच्या पुस्तिकेत तसं काही नव्हतं. म्हणून ब्रॅकेट गेले क्रॉसबारच्या खाचेत, टी-बोल्टवर (ज्याचं चपटं डोकं खाचेत अडकतं तो बोल्ट), एकमेकांपासून जमेल तितके लांब. ड्रिल पेटीतच राहिलं, आणि त्या तंबूत मी आजही निर्धास्त झोपते ती त्यामुळे.

शिंपल्यासारख्या उघडणाऱ्या कडक कवचाच्या तंबूंबद्दल तुम्ही जे बोललात ते तर ठळक अक्षरांत लिहायला हवं: ऑनिंग वरच्या झाकणाला कधीही लावायचं नाही. झाकण उचलणारे गॅसचे दांडे बहुतेक झाकणाच्या वजनापुरतेच बेतलेले असतात.

बोल्ट आवळण्याआधी तुम्ही तंबू पूर्ण उघडायला लावलात. खिडक्यांवरची झापडं ताणणाऱ्या स्प्रिंगच्या सळ्यासुद्धा. मला तेव्हा ते जास्तीचं वाटलं, पण त्याचं महत्त्व पुढच्या अर्ध्या तासात उलगडत गेलं. ऑनिंगच्या लांबीची एक लाकडी पट्टी तुम्ही क्रॉसबारला दोरीनं बांधलीत आणि एकेक दार उघडून पाहिलंत. मागच्या दाराची वरची कड पट्टीला घासत होती. ब्रॅकेट उलटा धरल्यावर तीन बोटं जागा मिळाली. डिकी उघडली, शिडी लावली, तंबूचं बाहेरचं आवरण बंद करताना झिपला हात जातो का तेही बघितलं. बाजू निवडतानाही घाई नाही: आमचा तंबू मागच्या दिशेला उघडतो, शिडी मागे येते, म्हणून दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. त्यातली रहदारीकडची सोडून दुसरी घेतली, म्हणजे रस्त्याकडेला थांबलो तरी आई गाड्यांच्या बाजूला बसत नाही.

पावसाचा विचार मात्र माझ्या डोक्यात आलाच नसता. तंबूच्या कडेवरून पागोळ्या गळणार, आणि ऑनिंग त्या कडेच्या बाहेर राहिलं तर त्या नेमक्या गाडी आणि कापडाच्या फटीत, दारातच पडणार. तुम्ही ऑनिंग इतकं आत घेतलंत की त्याची मागची कड तंबूच्या कडेखाली लपते. पागोळी कापडावर पडते आणि उतारानं पुढे जाते. पुढचा एक खांब दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवायचा, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून ओघळून जातं. एक चौरस मीटर कापडात एक सेंटिमीटर पाणी साचलं तर ते १० किलो होतं, आणि साचलेल्या पाण्यानं झोळ वाढत गेला की आणखी पाणी साचतं.

बोल्टांचं थोडक्यात लिहिते. स्टेनलेसच्या बोल्टांना आधी अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारं वंगण), कारण स्टेनलेसचे आटे स्टेनलेसच्या नटात जाम होतात, आणि अॅल्युमिनियमला टेकले की ओलाव्यात अॅल्युमिनियम खातात. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा. खाली रुंद वॉशर. आवळून झाल्यावर नट आणि ब्रॅकेटवर रंगाची एक सरळ रेघ, म्हणजे नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग ऑनिंगची पिशवी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायची: गाडी हलली पाहिजे, ऑनिंग एकटं हलता कामा नये. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा. मी लावला, पुढच्या ब्रॅकेटचा एक नट पाव फेरा घेऊन बसला, बाकी रेघा जिथल्या तिथे होत्या.

आणि काका, हे सगळं तुम्ही स्वतः दहा मिनिटांत उरकलं असतं. पाना तुम्ही माझ्या हातात दिलात आणि प्रत्येक बोल्ट मलाच आवळायला लावलात. “उद्या वाटेत सैल झालं तर मी नसेन,” एवढंच म्हणालात. त्याबद्दलचे आभार सगळ्यात वेगळे, आणि ते मला अजूनही नीट शब्दांत मांडता येत नाहीत.

त्यानंतर ऑनिंगखाली आईच्या पुष्कळ दुपारी गेल्या आहेत. वारा वाढतोय असं वाटलं की ताणदोरांवर विसंबून न राहता आम्ही ते सरळ गुंडाळतो. गाडी सोडून लांब जायचं असलं तरी गुंडाळतो. ओलं गुंडाळावं लागलं तर पुढच्या मुक्कामी आधी उघडून वाळवतो, नाहीतर कापडाला बुरशी धरते.

आता तिला एका बाजूनं कनात हवी आहे, तिरप्या उन्हासाठी. ती लावली की वारा अडवणारं कापड वाढणार. म्हणून तिची खालची कड मेखांनी जमिनीला बांधायची, कोपऱ्याच्या खांबाला वेगळे दोन दोर द्यायचे आणि ब्रॅकेटवर काहीही ताण येऊ द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. वरची कड ऑनिंगला झिपनं जोडावी की नुसत्या बंदांनी, यावर आमचं एकमत नाही. मी बंदांच्या बाजूनं आहे, कारण जोराचा झोत आला तर बंद आधी सुटतील आणि ऑनिंग वाचेल. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर तुमचं मत जरूर कळवा.

आईचा नमस्कार.

तुमची,
ऑनिंगवाली शेजारीण